पूर्वपक्ष

वैजयंतीबाईंशी वाद घालून जिंकलेला माणूस मिरजेत नव्हता, सांगलीत असल्याचं कुणी ऐकलं नव्हतं, आणि शिरीषराव उपासनींनी तर लग्नाच्या पहिल्या वर्षातच तो नाद सोडून दिला होता. बाई न्यायशास्त्राच्या. जग आहे तर त्याचा कर्ता आहे, आणि हे श्रद्धेने नव्हे तर तर्काने दाखवता येतं, असं त्या जन्मभर महाविद्यालयात शिकवत आल्या आणि गावोगावच्या सभांत मांडत आल्या. शिरीषराव इस्पितळातली यंत्रं दुरुस्त करायचे. बायकोच्या सभेला ते न चुकता जात आणि अगदी मागे, अ‍ॅम्प्लिफायरपाशी बसत. चारचौघांत बोलायची त्यांना भीती वाटे. यंत्रापाशी बसलेल्या माणसाला कुणी बोलायला लावत नाही.

त्या शास्त्राची एक रीत आहे. आपलं म्हणणं मांडण्याआधी समोरच्याचं म्हणणं मांडायचं. त्याला पूर्वपक्ष म्हणतात. तोही उरकून टाकायचा नाही. तो असा मांडायचा की समोरच्याने म्हणावं, मला स्वतःला हे इतकं चांगलं जमलं नसतं. मग त्याचं खंडन, आणि शेवटी आपला सिद्धान्त. वैजयंतीबाई 'कर्ता नाही' हा पूर्वपक्ष इतका जीव ओतून मांडत, की एकदा इचलकरंजीला एक म्हातारबुवा 'नास्तिक बाई बोलावलीत!' म्हणून सभेतून तरातरा निघून गेले, आणि सिद्धान्त ऐकवायला त्यांना एसटी स्टँडवरून परत आणावं लागलं.

सिद्धान्त सुरू व्हायचा तो 'घडा घ्या' या शब्दांनी. घडा आहे म्हणजे कुंभार आहे, तसं जग आहे म्हणजे कर्ता आहे. तिथे बाईंचा आवाज एकदम खाली उतरे, आणि शिरीषराव माइकचं बटण अलगद वर सरकवत. वर्षानुवर्षं हे असंच चाललं. त्यांचा हात ते आपोआप करी.

शिरीषराव स्वतः काही मानत नव्हते, आणि काही नाकारतही नव्हते. कुठल्याही गोष्टीची खात्री होणं हे त्यांच्या स्वभावातच नव्हतं. घराला कुलूप लावून ते जिन्यावरून परत वर जात आणि ओढून बघत. पण आपल्या घरात एक माणूस असं आहे की ज्याने हा प्रश्न नीट तपासून पाहिला आहे, एवढ्यावर ते निर्धास्त होते. त्यांच्या वाटचं ती मानते, असं त्यांना मनातून वाटे. हे त्यांनी तिला कधी सांगितलं नाही.

मग बाईंना स्वादुपिंडाचा कर्करोग झाला, आणि तो कळला तेव्हा फार उशीर झाला होता.

*

उन्हाळ्यात दुपारी घराबाहेर पडायला बंदी असे, त्या वर्षांतली ही गोष्ट. बाईंना ठेवलं होतं त्या इस्पितळात शेवटच्या दुखण्याच्या माणसांसाठी एक वेगळा मजला होता, आणि त्या मजल्यावर एक यंत्र होतं. लोक त्याला 'पट्टा' म्हणत.

त्याची कथा अशी. कानाच्या वरच्या अंगाला, मेंदूत आत मुडपून गेलेली एक घडी असते. फेफरं येणाऱ्या काही थोड्या रोग्यांना झटका येण्याआधी क्षणभर वाटायचं, की आपल्याला सगळं कळलं. काय कळलं, ते सांगता यायचं नाही. नुसतं कळलेलं असायचं. पुढे शस्त्रक्रियेच्या वेळी त्या घडीला बारीक तारेने हलकी वीज लावली, तर तोच अनुभव हुकमी आणता येऊ लागला. याचा अर्थ चमत्कारिक होता. 'हे खरं आहे' ही भावना खरेपणातून निघत नाही. ती एक वेगळीच वस्तू आहे, कागदावर उठणाऱ्या शिक्क्यासारखी. बहुतेक वेळा आपण पुरावा बघतो आणि मग शिक्का उठतो. पण शिक्का कोऱ्या कागदावरही उठू शकतो, आणि उठला की तो तितकाच ठसठशीत दिसतो.

मग कवटी न उघडता दोन्ही कानशिलांवरून ध्वनिलहरी आत सोडून ती घडी जागवायची युक्ती निघाली. त्यात असं दिसलं, की त्या दोनेक मिनिटांत मनात जो विचार उभा असेल, त्याला ती खात्री चिकटते. आणि ती सुटत नाही. झोपेने नाही, वादाने नाही, उलट पुराव्याने तर नाहीच. याचा काय दुरुपयोग होईल हे सगळ्यांनाच दिसलं, म्हणून कायद्याने ते यंत्र मरणाऱ्यांपुरतंच ठेवलं, तेही रोग्याने शुद्धीत असताना स्वतःच्या तोंडाने मागितलं तरच.

मजल्यावरच्या एका म्हाताऱ्याने 'मुलगा निघालाय' हा विचार मनात धरला होता. तो शेवटचे आठ-दहा दिवस दाराकडे बघत आनंदात गेला. मुलगा आला नाही. म्हातारा गेला तेव्हाही तो हसतच होता म्हणतात.

"हे बघितलंत ना?" वैजयंतीबाई म्हणाल्या. "असलं काहीतरी मला नको."

*

पण भीती त्यांना वाटत होती. दुखण्याची नाही, दुखणं औषधांनी आवरलं होतं. शिरीषराव सकाळी पेज घेऊन आले की बाई छताकडे बघत असायच्या.

"काय गं, झोप लागली?"

"अहो, एक गंमत सांगू? जन्मभर कर्ता आहे म्हणून सिद्ध केलं. धूर बघून पलीकडे विस्तव आहे म्हणतात, तसं. पण ऊब कधी लागली नाही." त्या थांबल्या. "आता थंडी वाजते तर विस्तव आहे या माहितीचा उपयोग काय?"

चमचा पेजेत फिरवत शिरीषराव म्हणाले, "पण तुझा तर्क तर पक्का आहे ना?"

"तर्क पक्काच आहे. म्हणून तर पंचाईत. तर्क कच्चा असता तर निदान दोष तरी त्याला दिला असता."

"मग पट्टा घे ना." इतके दिवस घोळवलेलं वाक्य त्यांच्या तोंडून एकदाचं निघालं. "तू काही खोटं धरणार नाहीस. तू जे सिद्ध केलंयस तेच धर. त्याला फक्त ऊब मिळेल."

बाईंनी त्यांच्याकडे मान वळवली. "बघा बघा. म्हातारपणी वाद घालायला शिकले!"

दोन दिवस त्यांनी विचार केला. मग त्या मजल्याच्या डॉक्टर नाझनीन मुजावर यांना बोलावून त्या म्हणाल्या, "मला पट्टा हवा. पण माझ्या अटीवर. 'सगळं छान होईल, कुणीतरी आहे' असलं गुळमट वाक्य मी धरणार नाही. मी पूर्ण वाद मांडणार. पूर्वपक्ष, खंडन, सिद्धान्त. सिद्धान्ताला पोचले की तुमचं यंत्र लावायचं."

"काकू, एवढं बोलायची ताकद आहे का तुम्हाला?"

"नवऱ्याशी बोलायची नाहीये. वादाची आहे."

नाझनीनला हसू आलं. "पण मला कसं कळणार, सिद्धान्त कुठे लागला ते? तुम्ही बोट वर करा."

"छे! बोट वर करायचं म्हटलं की मन बोटावर जाणार. मग बोटाचीच खात्री होऊन बसेल. बटण यांच्या हातात द्या. यांनी जन्मभर ऐकलंय." मग शिरीषरावांकडे बघून त्या म्हणाल्या, "आणि अहो, या खेपेला पूर्वपक्ष मी नव्याने बांधलाय. जुना फारच पोचट होता, इथे पडल्या पडल्या लक्षात आलं. पण खंडनही तसंच सापडलंय. ऐकाच तुम्ही."

कितीतरी दिवसांनी तिच्या डोळ्यांत ती जुनी चमक आली होती. शिरीषरावांना तेवढीच दिसली. बोलणं नुसतंच कानावरून गेलं.

*

सकाळची वेळ धरली होती. बाईंना उशांना टेकवून बसवलं, कानशिलांना थंड लेप लावला, पट्टा आवळला. नाझनीन नाडीच्या पडद्यापाशी बसली. शिरीषरावांसमोर दुसरा पडदा, त्यावर एक हिरवी रेघ. विचार मनात जितका घट्ट उभा, तितकी ती रेघ वर जाई. ठरल्या खुणेच्या खाली असेपर्यंत बटण चालतच नसे.

"एकदा सुरू झालं की मध्येच बंद करायचं नाही हं काका," नाझनीन म्हणाली. "झटका येतो. त्यात माणूस जाऊ शकतो."

"माहीत आहे," शिरीषराव म्हणाले. यंत्र बसवलं तेव्हा तारा त्यांनीच जोडल्या होत्या.

वैजयंतीबाई बोलू लागल्या. सुरुवातीला धाप लागत होती, मग आवाज सुटा झाला. भरल्या सभागृहातला तोच आवाज. शिरीषरावांना एकदम इतकं बरं वाटलं, की ते शब्द ऐकायचे विसरून नुसता आवाज ऐकत राहिले. ती बोलते आहे. सगळं पहिल्यासारखं आहे. रेघ हळूहळू खुणेपर्यंत चढली.

"घडा घ्या," वैजयंतीबाई म्हणाल्या, आणि आवाज खाली उतरला.

शिरीषरावांचा हात पुढे गेला आणि त्यांनी बटण दाबलं.

"घडा आहे म्हणून कुंभार आहे, हे मान्य. का मान्य? कारण घडे होताना आपण पाहिलेत. चाकापाशी बसलेला कुंभार पाहिलाय. जोडी पाहिली आहे, म्हणून एक दिसला की दुसरा ओळखता येतो. पण जग होताना कुणी पाहिलं? जग एकच, आणि तेही आधीच झालेलं. जी जोडी कधी दिसलीच नाही, तिच्यातला एक बघून दुसरा कसा ओळखायचा?"

शिरीषराव उठून उभे राहिले. हा सिद्धान्त नव्हता. तिने सिद्धान्ताचं पहिलंच वाक्य उचलून पूर्वपक्षाला दिलं होतं. नवा बांधलाय, असं तिने सांगितलं होतं. त्यांचा हात बटणाकडे झेपावला. नाझनीनने तो वरच्यावर धरला.

"काका! नाही! मध्ये नाही!"

"अगं, हे तिचं म्हणणं नाही! हे समोरच्याचं आहे!"

"काय?"

"आणि कुंभार घडा का करतो?" वैजयंतीबाई बोलतच होत्या. डोळे मिटलेले, चेहऱ्यावर हळूहळू एक उजेड येत होता. "कुणाला तरी तहान लागते म्हणून. ज्याला तहान नाही तो घडा कशाला करील? कर्त्याला तहान असेल, तर तो आपल्यासारखाच अपुरा. नसेल, तर घडा नाही. तेव्हा घड्यापलीकडे तुम्हाला जो दिसतो तो कुंभार नव्हे. ती तुमचीच तहान आहे. पलीकडे कुणी नाही."

त्या थांबल्या. पूर्वपक्ष संपला होता. रेघ अगदी वर जाऊन स्थिर उभी होती. मग यंत्राने बारीक शीळ घातली आणि ते आपोआप बंद झालं.

वैजयंतीबाईंनी डोळे उघडले.

"पुढे बोल," शिरीषराव म्हणाले. "खंडन कर. वैजयंती, खंडन राहिलं."

बाई त्यांच्याकडे बघत राहिल्या. फार मायेने बघत होत्या, आणि तेच त्यांना सहन होईना.

"कुणी नाही हो," त्या म्हणाल्या.

*

बाईंना काय झालं ते त्यांना स्वतःला पुरतं ठाऊक होतं. हे शिरीषरावांना सगळ्यांत कठीण गेलं.

"तुम्ही बटण चुकीच्या जागी दाबलंत म्हणून मला असं वाटतं, हे कळतंय मला. आम्ही न्यायशास्त्रवाले हजार वर्षं हेच सांगत आलो, की ज्ञान स्वतःच्या खरेपणाची ग्वाही स्वतः देत नसतं. तेव्हा माझ्या या खात्रीची किंमत शून्य आहे." त्यांनी पाण्याचा घोट घेतला. "आणि तरी खात्री आहे. गंमत आहे ना?"

"भीती वाटते का?"

"भीती गेली. भ्यायलासुद्धा कुणीतरी ऐकणारं आहे असं वाटावं लागतं."

शिरीषराव नाझनीनच्या मागे लागले. पुन्हा पट्टा लाव, या वेळी सिद्धान्तावर लाव. ती म्हणाली, "काका, तसं होत नाही. एकदा एका बाजूला शिक्का उठला की उलटा विचार मनात उभाच राहत नाही. तोंडाने बोलता येतं, पण रेघ वर जात नाही. आणि रेघ वर गेली नाही तर यंत्र चालत नाही." पण त्यांचा चेहरा बघून ती कबूल झाली. बाईही कबूल झाल्या. 'यांचं समाधान होऊ दे,' एवढंच म्हणाल्या.

पुन्हा उशा, लेप, पट्टा. या वेळी शिरीषरावांनी कान देऊन प्रत्येक शब्द ऐकला.

"खंडन असं," वैजयंतीबाईंनी सुरुवात केली. "तहान तुमची आहे, हे मान्य. पण माती तहानत नाही. माती विचारत नाही, की मला कुणी केलं का. जग नुसती माती असतं, तर ही शंका त्यात आली कुठून? ज्या घड्याला आपल्या कुंभाराबद्दल शंका येते, तो नुसता घडा राहिलेला नाही. त्याच्यात मातीचं नसलेलं काहीतरी कुणीतरी ठेवलं आहे. म्हणून कर्त्याची खूण घड्याच्या आकारात शोधू नका, ती शंकेत शोधा. ज्याची कधीच कशावर खात्री पटली नाही, त्याच्यात ती खूण सगळ्यांत ठळक असते."

त्यांनी जराही न अडखळता सगळं सांगितलं. रेल्वे स्थानकावर गाड्यांच्या वेळा सांगाव्यात, तशा आवाजात.

नाझनीन पडद्याकडे बघत होती. तिने मान हलवली. हिरवी रेघ तळाशी सपाट पडून होती.

शिरीषराव बायकोकडे बघत राहिले. "हे... हे तू कधी बांधलंस?"

"इथेच. तुमच्यावरूनच बांधलं. तुम्ही सकाळी पेज आणायचात, जिन्याशी जाऊन परत यायचात, गॅस बंद केला का म्हणून शेजारी फोन करायचात. तेव्हा सुचलं."

"मग यात चूक कुठे आहे?"

बाईंनी प्रामाणिकपणे विचार केला. कपाळाला आठी पडली. "चूक सापडत नाही. चूक नाही, आणि खरंही नाही."

वऱ्हांड्यातून ट्रॉली खडखडत गेली.

"मला पटलं," शिरीषराव म्हणाले.

वैजयंतीबाईंनी त्यांच्याकडे निरखून बघितलं. नवऱ्याला खोटं बोलता येत नाही हे त्यांना पहिल्यापासून ठाऊक होतं. बाईंनी हात पुढे केला आणि त्यांच्या सदऱ्याचं निसटलेलं बटण लावून दिलं.

"नाही पटलेलं," त्या म्हणाल्या. "माझ्या तोंडून कसं पटेल?"

आषाढ लागायच्या आत त्या गेल्या. शेवटी शेवटी कुणी भेटायला आलं की शांतपणे, नीट समजावून सांगत, की कुणी नाही. त्यांच्या एका जुन्या विद्यार्थिनीने खाली येऊन शिरीषरावांना विचारलं, "सर, बाईंनी खंडन कुठे सांगितलंय का? मला उत्तर देता येईना." त्यांनी सांगायचा प्रयत्न केला. शब्द सगळे बरोबर आले. ती ऐकून घेऊन, नमस्कार करून गेली.

*

पुढल्या वर्षी कायदा सैल झाला आणि मागे राहिलेल्यांनाही पट्टा मिळू लागला. मजल्यावरच्या बाकांवर आता रोगी कमी आणि नातेवाईक जास्त दिसत. नाझनीनने शिरीषरावांना दोनदा निरोप पाठवला. तिसऱ्यांदा ती स्वतः त्यांच्या घरी आली. घरात तीन दिवसांची भांडी पडलेली तिने पाहिली. ती बाह्या वर करून भांडी घासायला लागली. तेव्हा ते येतो म्हणाले.

"काहीही धरा, काका. काकूंचं ते शंकेचं धरा. तुमच्यासाठीच केलं होतं त्यांनी."

पट्टा आवळला गेला. शिरीषरावांनी डोळे मिटले. माती तहानत नाही. माती विचारत नाही, मला कुणी केलं का. पुढचं वाक्य आठवलं, त्याच्या पुढचंही. पण प्रत्येक वाक्य त्यांना त्या सपाट आवाजात ऐकू येत होतं. हे उत्तर सुचलं त्या दिवशी तिने ते कसं म्हटलं असतं, तो आवाज त्यांनी मनात आणायचा प्रयत्न केला. तो त्यांनी कधी ऐकलेलाच नव्हता.

"रेघ येत नाहीये वर," नाझनीन हळूच म्हणाली. "दुसरं काही धरून बघा. काकू कुठेतरी आहेत, असं धरा."

त्यांनी तसं करून बघितलं. उशांना टेकून बसलेली वैजयंती समोर आली. डोळे उघडलेले, चेहऱ्यावर तो उजेड. ती मायेने त्यांच्याकडे बघत होती, आणि ती काय म्हणणार हे त्यांना ठाऊक होतं. ती ते म्हणाली. कुणी नाही हो. या वेळी आवाजही तिचाच होता, अगदी जिवंत.

"आली!" नाझनीन आनंदाने म्हणाली. "काका, आली, अगदी वरपर्यंत आली! असंच धरून ठेवा. दाबू?"

शिरीषरावांनी डोळे उघडले. रेघ खुणेच्या कितीतरी वर, न थरथरता उभी होती. त्यांच्या मनात कुठलाच विचार आजवर इतका घट्ट उभा राहिलेला नव्हता. आता फक्त हो म्हणायचं होतं. मग कुलूप ओढून बघायला नको, जिना पुन्हा चढायला नको, काहीच तपासायला नको.

"काका? दाबू ना?"

"नको," ते म्हणाले.

"अहो, पण का? एवढी छान..."

त्यांना कारण सांगता आलं नाही. आपण बरोबर करतो आहोत असंही त्यांना वाटलं नाही. त्यांनी स्वतःच पट्ट्याचं बक्कल सोडलं, कानशिलावरचा लेप रुमालाने पुसला. वायर पीळ पडणार नाही अशी गुंडाळून यंत्राच्या बाजूच्या आकड्याला अडकवली. बाहेरच्या बाकावर कुणीतरी खोकलं.

"पुढच्याला बोलाव," ते म्हणाले.